नासचा 'इलमॅटिक': पहिलाच अल्बम, आणि तो इतका का मानतात?

दिंडोरी_रोड (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझा छापखाना आहे, वय पन्नाशीच्या पुढे, आणि प्रश्न रॅपबद्दल आहे. तेव्हा अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल, किंबहुना तसंच सांगा.

मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत आली होती तेव्हा तिनं मला 'इलमॅटिक' ऐकायला लावला. न्यूयॉर्कचा नास नावाचा रॅपर, एप्रिल १९९४ मध्ये आलेला त्याचा पहिला अल्बम. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्ही कविता वाचता, नाट्यसंगीत ऐकता. ही चाळीस मिनिटं बसून ऐका, मग रॅपला काय ती नावं ठेवा."

ऐकला. पियानो फार आवडला. एका गाण्याच्या शेवटी शिंगासारखं एक वाद्य एकटंच वाजत राहतं, त्यानं तर जीव कासावीस झाला. पण शब्द कळायच्या आत निसटतात. शेवटी सगळे शब्द कागदावर उतरवून वाचायला घेतले, तर त्यात बंदुका, गांजा, पोलीस, तुरुंग आणि शिव्या. मुलगी सांगते की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत हा अल्बम घेतलाय. रेकॉर्ड आली तेव्हा हा मुलगा वीस वर्षांचा होता.

वाद घालायला आलेलो नाही, मला खरोखर समजून घ्यायचंय. यात एवढं काय आहे? आणि माझ्यासारख्या माणसानं हे ऐकायचं कसं?

---

बोरिवली_फास्ट

काका, एक सुचवतो. पहिला ट्रॅक 'द जेनेसिस' हा गाणं म्हणून ऐकू नका. त्यात लोकल ट्रेनचा खडखडाट आहे, 'वाइल्ड स्टाइल' या हिपहॉपवरच्या जुन्या सिनेमातला तुकडा आहे, आणि मागे १९९१ मधला कोवळ्या नासचा आवाज वाजतोय, दुसऱ्यांच्या गाण्यात त्याला मिळालेलं पहिलं कडवं. दार उघडून आत घेतल्यासारखं आहे ते. खरी सुरुवात दुसऱ्या ट्रॅकपासून, 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'. हेडफोन लावा, शब्द समोर ठेवा आणि हे एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐका.

---

ठेकेवाला (ठाणे)

काका, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करतो, आणि त्याआधीपासून तबला शिकतोय. हा अल्बम माझ्या मनाच्या इतका जवळचा आहे की लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही कविता वाचता म्हणून यमकापासूनच सुरू करतो. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुतेक रॅपर ओळीच्या शेवटी यमक जुळवायचे. चार मात्रांचा एक बार, बार संपला की यमक, पुढचा बार. १९८७ च्या सुमारास राकिमनं यमक ओळीच्या पोटात नेलं, वाक्य बारच्या रेघेवरून पुढे वाहू दिलं. नास राकिमवरच पोसलेला. त्यानं तेच आणखी घट्ट विणलं.

'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'च्या पहिल्या कडव्यात एक चकमक आहे. निवेदक गोळ्या झाडतो, बायकांच्या किंकाळ्या ऐकून हात थरथरतो, तिकडे बघवत नाही. पुन्हा चाप ओढतो तर बंदूक अडकते. खटपट करून खटका मागे ओढतो तेव्हा आत तीन गोळ्या अडकलेल्या दिसतात. मग तो इमारतीच्या लॉबीत पळतो, आणि लॉबी लहान मुलांनी भरलेली. मुलं एवढी बुटकी की त्यांना त्याच्या उंचीवरचं काही दिसतही नसेल.

आता कागद समोर घ्या आणि त्या जागी 'बिल्डिंग लॉबी', 'प्रॉबब्ली' आणि शेवटचं 'ॲज आय बी' बोटानं मोजत मोठ्यानं म्हणा. तिन्हींच्या शेवटाला एकच घाट ऐकू येईल. आणि मधल्या 'बिल्डिंग', 'फिल्ड', 'चिल्ड्रन' यांची वेगळीच एक माळ आतून चाललीय. एवढी कारागिरी, तरी ऐकताना कारागिरी दिसत नाही, दिसतात ती मुलं. गोळीबाराचा आवेश जिथे शिगेला पोचायचा तिथे त्यानं मुलं आणून उभी केली. टाळ्या घेणारा रॅपर तिथे शत्रूला लोळवून मोकळा झाला असता.

काका, हा अल्बम मोठा का, याचं माझं उत्तर मला इथेच सापडतं. यातला माणूस मुळात साक्षीदार आहे. गुन्ह्यात सामील, त्याच्या धगीत वाढलेला, पण नजर मात्र सारखी टिपून घेणारी. तो स्वतःला नायक करत नाही आणि तुम्हाला उपदेशही करत नाही. जे दिसलं ते नेमक्या तपशिलानं सांगतो आणि निवाडा तुमच्यावर सोडतो.

त्याचं दुसरं उदाहरण 'वन लव्ह'. ही तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. वस्तीत काय चाललंय, तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखा दिसतो म्हणतात, अमुक जण आता कोणाबरोबर फिरतो. गाणं चालतं ते त्याचं संगीत रचणाऱ्या क्यू-टिपनं हीथ ब्रदर्सच्या जॅझ रेकॉर्डवरून उचललेल्या तुकड्यावर. त्यात एक आफ्रिकी अंगठावाद्य किणकिणत राहतं आणि त्याखाली बास. तिसऱ्या कडव्यात निवेदक डोकं शांत करायला दोन दिवस बाहेर जाऊन येतो, तर बाकड्यावर बारा वर्षांचा एक मुलगा भेटतो. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, हातात माल. निवेदक त्याला काय सांगतो? हे सोड, शाळेत जा, असं काही नाही. तो सांगतो की ज्याच्याशी वैर आहे त्याच्यावरच नेम धर, कारण पिस्तुलं चालली की मरतो तो भलताच कोणी निरुपद्रवी. बारा वर्षांच्या पोराला द्यायला त्याच्याकडे एवढाच सल्ला आहे. हे ऐकताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. उपदेशाच्या शंभर गाण्यांत जे सापडणार नाही ते इथे सापडतं.

आता ऐकायचं कसं. आधी शब्द सोडून द्या, फक्त तो आवाज तबल्यासारखा ऐका. ठोका कुठे पडतो आणि शब्द कुठे पडतो, यांतलं अंतर ऐका. नास बऱ्याचदा समेवर यायचं टाळतो, थोडा आधी किंवा थोडा नंतर येतो. ते अंतर कळलं की मग शब्द हातात घ्या.

आणि ते शिंगासारखं वाद्य! ते कॉर्नेट आहे, 'लाइफ्स अ बिच' या गाण्याच्या शेवटी. वाजवलंय ओलू डारा यांनी. हे मिसिसिपीहून न्यूयॉर्कला आलेले जॅझ आणि ब्लूज वादक, आणि नासचे वडील. नास त्या गाण्यात आपल्या विसाव्या वाढदिवसाच्या सकाळी जागा होतो आणि जिवंत आहोत याचंच त्याला अप्रूप वाटतं. त्यानंतर वडिलांचं कॉर्नेट येतं. तुमचा जीव कासावीस झाला तो उगाच नाही.

---

ॲस्टोरियातून

ठेकेवाला, सुरेख लिहिलंत. मी मूळची कोल्हापूरची, आता बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. क्वीन्सब्रिज इथून जवळच, म्हणून जागेबद्दल थोडं सांगते, कारण त्या जागेशिवाय हा अल्बम कळत नाही.

क्वीन्सब्रिज हाउसेस ही सरकारी घरांची वसाहत, १९३९ मध्ये उघडलेली. तीन हजारांहून जास्त घरं, अमेरिकेतली सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत हीच. सहा मजली विटांच्या इमारती, वरून पाहिल्या तर इंग्रजी वाय अक्षर एकमेकांना जोडल्यासारख्या. खर्च वाचवायला मूळच्या लिफ्ट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबायच्या. बाजूला क्वीन्सबरो पूल, पुढे ईस्ट रिव्हर, आणि नदीपलीकडे मॅनहॅटनच्या उंच इमारती. पैसा रोज डोळ्यांसमोर, फक्त मध्ये पाणी.

नासचा जन्म सप्टेंबर १९७३ चा. त्याच्या महिनाभर आधी, ११ ऑगस्टला, ब्राँक्समध्ये सेजविक ॲव्हेन्यूवर डीजे कूल हर्कची ती पार्टी झाली जिथून हिपहॉपचा जन्म मोजतात. म्हणजे हा मुलगा आणि ही कला बरोबरीनं वाढली. तो लहान असतानाच क्वीन्सब्रिजमधून मार्ली मार्ल आणि एमसी शॅन पुढे आले होते, म्हणजे वस्तीतून रेकॉर्ड निघते हे त्यानं शेजारी पाहिलं होतं. त्याच सुमारास क्रॅक, म्हणजे गल्लीत स्वस्तात मिळणारं कोकेन, आलं. १९८६ च्या कायद्यानं फक्त पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली. तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन मात्र पाचशे ग्रॅम लागायचं. गल्लीतला पोरगा आत, पावडरवाला बाहेर. 'वन लव्ह'मधली पत्रं तुरुंगात का जातात ते यावरून कळेल.

नासनं आठवीनंतर शाळा सोडली. १९९२ मध्ये त्याचा जिवलग मित्र आणि शेजारी विली ग्रॅहम, ज्याला सगळे इल विल म्हणत, गोळी लागून गेला. त्याच वेळी नासचा धाकटा भाऊही जखमी झाला, वाचला. विलकडे रेकॉर्ड प्लेयर होता, दोघं मिळून गाणी रचायचे. काका, बंदुका आणि तुरुंग पुन्हा पुन्हा येतात ते यामुळे. मुखपृष्ठही पाहा: सात वर्षांच्या नासचा चेहरा, वडिलांनी काढलेला फोटो, आणि त्या चेहऱ्यातून आरपार दिसणारी वस्तीची गल्ली.

---

मेघमल्हारी

सगळं पटलं, तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या साक्षीदाराला बायका दिसतच नाहीत. अख्ख्या अल्बममध्ये कुणी बाई स्वतःच्या तोंडानं बोलत नाही. 'वन लव्ह'मध्ये मित्राच्या मुलाची आई येते. तू पत्र का लिहीत नाहीस, भेटायला का जात नाहीस, असं तिला विचारलं जातं. तो फार आडदांड वागायचा, ऐकायचाच नाही, असं ती सांगू लागते, आणि निवेदक तिला सरळ गप्प बसवतो. तिची बाजू तिथेच संपते. एका गाण्याचं नावच आयुष्याला बाईवरची शिवी देतं.

आणि हे त्या वस्तीत, जिथे १९८४ मध्ये रोक्सान शांते या चौदा वर्षांच्या मुलीनं मार्ली मार्लच्या घरात उभं राहून 'रोक्सान्स रिव्हेंज' रेकॉर्ड केलं आणि भल्याभल्यांना गार केलं होतं! नासची आईच टपाल खात्यात नोकरी करून घर चालवत होती. वडील घर सोडून गेल्यावर मुलं तिनेच वाढवली. वडिलांचं कॉर्नेट अल्बममध्ये आहे. आईला तेवढी जागा मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

ठेकेवाला (ठाणे)

मेघमल्हारी ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याला 'तो काळच तसा होता' असं उत्तर मी देणार नाही. लॉबीतल्या मुलांची उंची ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्याला त्या बाईचं बोलणं दोन ओळी जास्त ऐकता आलं असतं. ही उणीव अल्बमचीच आहे. मी तो जिवापाड मानतो आणि ही उणीवही मानतो.

एक गोष्ट मात्र जोडतो. या अल्बमच्या पाठीशी बायका उभ्या होत्या. कोलंबिया कंपनीत नासला आणण्यात फेथ न्यूमन यांचा मोठा वाटा, त्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होत्या. आणि 'द सोर्स' मासिकात ज्यांनी पाचपैकी पाच माइक दिले त्या समीक्षक म्हणजे मिन्या ओ, तेव्हा अगदी तरुण. नव्या माणसाच्या पहिल्याच अल्बमला पाच माइक, यावर तेव्हा खूप चर्चा झाली.

विक्रीचं म्हणाल तर सुरुवातीला धो धो काही नव्हतं. बिलबोर्डच्या यादीत बारावा क्रमांक, आणि प्लॅटिनमचा शिक्का २००१ मध्ये. बाजारात यायच्या आधीच चोरट्या कॅसेटी फिरू लागल्या होत्या.

काका, तुम्हाला पियानो आवडला म्हणून आता माझ्या धंद्यातलं सांगतो. इथून मला आवरणं कठीण आहे.

त्या आधी हिपहॉप अल्बमला बहुधा एकच प्रोड्यूसर, म्हणजे मागचं संगीत रचणारा, किंवा एकच चमू असायचा, सगळ्या गाण्यांचा पोत एक. 'इलमॅटिक'साठी न्यूयॉर्कचे निवडक कारागीर एकत्र आले. डीजे प्रीमियरची तीन गाणी, लार्ज प्रोफेसरची तीन, पीट रॉक, क्यू-टिप आणि क्वीन्सब्रिजचाच एल.ई.एस. यांचं एकेक. पुढे ही पद्धतच पडली, आणि बऱ्याच अल्बमांचं त्यात गोधडीसारखं झालं. इथे तसं होत नाही, कारण सगळ्यांनी एकाच वस्तीचा आवाज डोक्यात ठेवला होता.

'द वर्ल्ड इज युअर्स'चा पियानो अहमद जमाल यांचा, १९७० च्या 'आय लव्ह म्युझिक' या रेकॉर्डमधला. पीट रॉकनं त्यातला छोटासा तुकडा कापून फिरवत ठेवला, आणि मागे हाक दिल्यासारखा मुखडा गातो तोही तोच. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'चा पियानो जो चेंबर्सच्या रेकॉर्डमधला, खालच्या पट्टीतले मोजके सूर, कोणी जिन्यावरून उतरतंय असे.

तेव्हा असे तुकडे साठवून वाजवायला एसपी-१२०० नावाचं यंत्र चालायचं. बारा बिटचं, आणि आवाज साठवायची एकूण जागा फक्त दहाएक सेकंद! म्हणून ही मंडळी तेहतीसच्या वेगाची रेकॉर्ड पंचेचाळीसवर फिरवून आत घ्यायची, म्हणजे कमी वेळात जास्त मावायचं, आणि मग यंत्रात तिची पट्टी खाली आणायची. त्यात आवाजाची कड खरखरीत व्हायची. आज ज्याला नव्वदच्या न्यूयॉर्कचा धुरकट आवाज म्हणून लोक प्लगइन लावून शोधतात, तो असा जागेच्या टंचाईतून आलाय. मी कामावर रोज चोवीस बिटचा लख्ख आवाज साफ करत असतो, आणि घरी आल्यावर मला हाच ऐकावासा वाटतो.

अजून एक. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' सुरू होताना नास पुटपुटतो की सुरुवात कशी करावी कळत नाहीये, आणि पुढच्याच क्षणी तुटून पडतो. प्रीमियर यांनी सांगितलंय की ते पहिलं कडवं एका दमात रेकॉर्ड झालं आणि पुटपुटणं त्यांनी तसंच ठेवलं. डबिंगमध्ये मी असे तुकडे कापून फेकतो. तिथे कात्री न लावायची समज प्रीमियर यांची.

---

चेंबूर_सायफर

मी चेंबूरला मराठीत रॅप लिहितो. मुंबईशी नातं आहे म्हणून सांगतो: २०१९ च्या 'गली बॉय'च्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरांत नासचं नाव आहे, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीची भारतातली शाखा सुरू झाली ती मुंबईचा रॅपर डिव्हाइन याच्या 'कोहिनूर'पासून. तोही डिव्हाइनचा पहिलाच अल्बम. जे. बी. नगरच्या पोराचा पहिला अल्बम क्वीन्सब्रिजच्या माणसाच्या कंपनीतून यावा, ही गोष्ट आम्हा लिहिणाऱ्यांसाठी फार मोठी होती.

मी 'इलमॅटिक'कडून घेतलं ते हे की गल्लीचं नाव, बसचा नंबर, बाकडं, सगळं नावानिशी लिहायचं. तो वर्नन आणि एकेचाळीसावी गल्ली इतक्या सहज बोलतो, की मग मला चेंबूर नाक्याची लाज का वाटावी? आणि लांबी! दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत. एकही भरताड नाही.

---

दिंडोरी_रोड (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेकेवाला, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आधी नुसता आवाज ऐकला, मग कागद घेतला. लॉबीच्या ओळी छापखान्यात मोठ्यानं म्हटल्या, कंपोझिंगचा मुलगा बघत राहिला. ती माळ खरंच ऐकू आली. ॲस्टोरियाच्या ताईंनी लिहिलेलं वाचून मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. छपाईचा माणूस म्हणून सांगतो, एका चित्रात दुसरं चित्र मिसळताना डोळे हरवण्याची भीती असते, इथे डोळेच आधी दिसतात.

मेघमल्हारी, तुमचा मुद्दा मुलीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली की तिच्या मनातही तेच होतं, पण मला हा अल्बम आवडावा म्हणून ती बोलली नव्हती. आता आमचं त्यावर रोज बोलणं चाललंय.

यानंतर काय ऐकू?

---

ठेकेवाला (ठाणे)

काका, तीन सांगतो, तिन्ही नव्वदच्या दशकातले. मॉब डीपचा 'द इन्फेमस', १९९५ चा, त्याच क्वीन्सब्रिजमधून आलेला, याहून थंड आणि काळोखा. तो रात्री ऐका. मुलीबरोबर ऐकायला लॉरिन हिलचा १९९८ चा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', तिचा स्वतःचा पहिला अल्बम. मेघमल्हारी ताईंनी जी जागा रिकामी दाखवली तिथूनच ती बोलते आणि गातेही. तिसरा जे-झीचा पहिला, १९९६ चा 'रीझनेबल डाउट'. त्यात 'डेड प्रेसिडेंट्स' आलं की मुखडा नीट ऐका, तो आवाज तुम्ही आता ओळखाल. नासचाच आहे, 'द वर्ल्ड इज युअर्स'मधून उचललेला.